बोझूर गल्लीतली तिसऱ्या मजल्याची खिडकी

ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाहीये.

माझ्या सख्ख्या धाकट्या जावेच्या घरात हे घडलं. अर्धं तिने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं, उरलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. कुणाला खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा. मलाही तसं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

आणि हे रात्रीबित्री घडलं नाही.

भर दुपारी घडलं. मार्चची पहिली तारीख. बाहेर लख्ख ऊन. खाली लोक एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरे दोरे बांधत होते. बल्गेरियातलं रुसे शहर, डॅन्यूब नदीकडे उतरणारी बोझूर गल्ली, दुसऱ्या मजल्यावरचं घर.

घरात दोनच माणसं होती. रादिना आणि तिची चार वर्षांची मुलगी बिलियाना.

निदान रादिनाला तरी तसं वाटत होतं...

रादिना फार्मसी शिकलेली. औषधाच्या दुकानात नोकरी. पण बिलियाना झाली आणि तिचं सगळं शिक्षण त्या एका पोरीभोवती गोळा झालं. पोर शिंकली की थर्मामीटर. पोर गप्प बसली की थर्मामीटर. पोर जास्त हसली तरी थर्मामीटर.

आणि पोरीवरचा हक्क तर विचारू नका. बालवाडीतल्या बाईंचं घेवड्याचं सूप जास्त छान लागतं, असं बिलियाना एकदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी रादिनाने बाईंना फाटकात गाठलं. त्यात पुदिना किती घालता, कधी घालता, ताजा की वाळलेला. बिलियाना माझ्या मांडीवर जरा जास्त वेळ बसली, की हिला तिचं नाक पुसायची आठवण झालीच.

सासूबाई म्हणायच्या, "ही पोरीला माझ्याकडे उसनी दिल्यासारखी देते. संध्याकाळी परत घेताना चारी बाजूंनी बघते, कुठे टवका उडाला नाही ना."

"उडतो ना टवका, आई," रादिना म्हणायची. "तुम्ही तिला दुपारी झोपवत नाही."

त्या आठवड्यात तापाच्या साथीमुळे बालवाडीला सुट्टी होती. दिवसभर माय-लेकी घरात.

आणि त्यांच्यासोबत ते चित्र.

माझा दीर कामेन चित्रकार आहे. त्याच्या कामाच्या खोलीचं छप्पर गळायला लागलं, म्हणून त्याने ते अर्धवट चित्र घरी आणून बाहेरच्या खोलीत टेकवलं होतं. भिंत भरून चित्र. त्यांच्याच गल्लीचं.

त्यात रंग थोडाच. बाकी सगळी गल्लीच होती. भिंतींवरची आणि खांबांवरची पोस्टरं तो ओल्या स्पंजने भिजवून सोलून आणायचा. इमारतींचा पडलेला गिलावा, नदीची वाळू, ट्रॉलीबसची तिकिटं, कुणीतरी फेकलेला जाळीचा पडदा. सगळं थरावर थर चिकटवायचं आणि मग पात्याने खरवडायचं. खालचं वर यायचं, वरचं नाहीसं व्हायचं.

"मी गल्लीचं चित्र काढत नाहीये," तो म्हणायचा. "मी गल्लीच उचलून आणतोय."

सासूबाई त्यावर म्हणायच्या, "मग नगरपालिकेला सांग. झाडूवाले तरी वाचतील."

तर त्या दुपारी...

सकाळी रादिनाने बिलियानाच्या उजव्या मनगटाला मार्तेनित्सा बांधली होती. लाल-पांढऱ्या पिळाचा दोरा. तो पहिला करकोचा दिसेपर्यंत सोडायचा नसतो. पीळ रादिनाने स्वतः घातला होता. सासूबाईंना तिने फोनवरच सांगून टाकलं होतं, "तुमची नंतर बांधा, आई. पहिली माझी."

जेवण झालं. पोर बाहेरच्या खोलीतल्या कोचावर झोपली. रादिना स्वयंपाकघरात भांडी आवरत होती.

घर शांत होतं.

जरा जास्तच शांत होतं... रस्त्यावरचा आवाजसुद्धा आत येत नव्हता.

ती बघायला गेली. बिलियाना जागी होती. कोचावर सरळ बसली होती, पाय खाली सोडून.

तिच्या डाव्या मनगटाला दुसरा दोरा होता.

जुना. पांढरा पिवळट पडलेला, लाल विटलेला. गाठ इतकी घट्ट की रादिनाच्या नखांना सुटेना.

"हा कुणी बांधला, पिल्लू?"

"मावशीनं."

"कुठल्या मावशीनं? कुणी आलं होतं का घरी?"

"ती नाही आली," बिलियाना म्हणाली. "मी गेले."

आणि तिने चित्राकडे बोट दाखवलं.

रादिनाने आधी कात्री आणली आणि तो दोरा कापला. मग ती चित्रापाशी गेली. चित्रातली समोरच्या रांगेतली इमारत. तिसरा मजला. जाळीचा पडदा चिकटवलेली खिडकी. आदल्या दिवसापर्यंत त्या पडद्यामागे नुसता करडा डाग होता. रादिना मला शपथेवर सांगत होती, डागच होता.

आता तिथे चेहरा होता.

काळा-पांढरा. तिशीतली बाई. केस मागे बांधलेले, ओठ मिटून हसणारी.

तुम्हाला वाटेल रादिना घाबरली. नाही. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, बाई देखणी आहे.

आणि दुसरा... या चित्रातला एकूणएक कागद फाटका आहे, खरवडलेला आहे. मग हा एकच अख्खा कसा? इतका जपून कुणी चिकटवला?

संध्याकाळी कामेन आला तेव्हा ती चित्रासमोरच बसलेली होती.

"ही कोण?"

"कुठली?"

"तिसरा मजला."

कामेन ब्रश धुवायला गेला. बराच वेळ धूत राहिला.

"कागद आहे, रादे. रस्त्यावरचा."

"कागदाला नाव असेल ना?"

"नाव सगळ्याच कागदांना असतं."

"मग सांग की."

त्याने सांगितलं नाही. सांगितलं सासूबाईंनी, दुसऱ्या दिवशी.

त्या नातीसाठी बानित्सा, चीज भरून भाजलेली पापुद्र्यांची पोळी, घेऊन आल्या. ताट टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला, चित्राकडे वळल्या. आणि त्यांनी छातीवर क्रूस काढला.

"व्हियोलेताचा कागद," त्या म्हणाल्या. "कामेन, हा तू दारावरून काढलास?"

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो, नाव आणि दोन ओळी छापून घराच्या दारावर कागद लावतात. चाळिसाव्या दिवशी नवा, वर्षाने नवा. दारादारावर असतात. त्यांच्यामधूनच आम्ही लहानपणापासून ये-जा करतो, कुणी वर बघतसुद्धा नाही. पण एक गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. तो कागद हाताने काढायचा नसतो. ऊन नेईल, पाऊस नेईल. माणसाने हात लावायचा नाही.

"अर्धा सुटला होता, आई," कामेन म्हणाला. "वाऱ्यावर लोंबत होता. आणि मला कागद हवा होता."

"दारावर कागद असतो तोवर गेलेल्याला कळतं, की आपण या दारातून बाहेर पडलो," सासूबाई म्हणाल्या. "तू तिला आत आणलंस. आता तिला काय कळणार? तिला वाटेल, आपलंच घर आहे."

रादिना त्या चेहऱ्याकडेच बघत होती.

व्हियोलेता म्हणजे कामेनची आधीची. लग्न झालं नव्हतं, पण बरीच वर्षं दोघं एकत्र राहिली. याच गल्लीत, समोरच्या रांगेत, तिसऱ्या मजल्यावर. मग बिनसलं. मग रादिना आली, लगेच बिलियाना झाली. आणि पलीकडे व्हियोलेता आजारी पडली आणि गेली. रादिनाला नाव ठाऊक होतं. चेहरा कुणी कधी दाखवला नव्हता.

"बिचारीला पोराची फार हौस होती," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. "हाच नको म्हणायचा."

"आई, पुरे."

"गल्लीत शेकडो कागद होते," रादिना शेवटी म्हणाली. अगदी हळू. "शेकडो मेलेली माणसं. तुला नेमकी हीच सुटलेली दिसली?"

कामेन पातं घेऊन चित्रापाशी गेला.

कागद काढता येईना. तो सगळ्यात खालच्या थरात होता. ओढला असता तर अख्खी इमारत सुटून आली असती. आणि प्रदर्शन तोंडावर आलं होतं. कामेनचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन. त्याने मधला मार्ग काढला. खिडकीवर जाड तपकिरी रंगाने दोन लाकडी झडपा रंगवल्या, मिटलेल्या.

"झालं? आता नाही दिसत."

"मला दिसत नाही," रादिना म्हणाली. "तिला दिसत नाही असं कुठे लिहिलंय?"

पुढची दुपार.

रादिनाने घेवड्याचं सूप वाढलं. बाईंच्या पद्धतीचं, ताज्या पुदिन्याचं. बिलियानाने वाटी बाजूला सारली.

"भूक नाही. मी जेवले."

"कधी जेवलीस? मी तर आत्ता वाढतेय."

 तिच्या तोंडाला वास येत होता... गोड. क्विन्सच्या फळाचा मुरंबा, त्यात सुगंधी जिरेनियमचं पान टाकून शिजवलेला. जुन्या बायका करतात तसा.

रादिनाच्या घरात मुरंबा नव्हता. तिला जमतच नाही तो. तिचा नेहमी करपतो.

बिलियानाच्या ओठाच्या कोपऱ्यात सोनेरी थेंब लागलेला होता. रादिनाने तो बोटावर घेतला. आणि का कोण जाणे, चाखला.

छान होता.

मला हे सांगताना रादिना रडली, ती याच वाक्यावर. "जाऊबाई, फार छान होता हो."

तेवढ्यात आवाज आला.

कर्र... कर्रर्र...

बिजागरीचा. जुनी लाकडी झडप उघडते तसा.

त्यांच्या घरात एकही लाकडी झडप नाही. सगळ्या खिडक्या प्लॅस्टिकच्या, सरकत्या.

ती धावत बाहेरच्या खोलीत गेली. चित्रातला तपकिरी रंग मधोमध फाटला होता. त्याच्या दोन कडा दोन्ही बाजूंना वळल्या होत्या, उघडलेल्या झडपांसारख्या. मध्ये चेहरा. आदल्या दिवशी तो सरळ समोर बघत होता. आता नजर खाली होती.

चार वर्षांच्या मुलाच्या उंचीवर.

"आई," मागून बिलियाना म्हणाली. "मला घरी जायचंय."

"घरीच आहोत ना आपण."

"हे नाही." पोरीचं बोट परत त्या चित्राकडे गेलं. "घरी."

त्या संध्याकाळी रादिनाने मला फोन केला.

"जाऊबाई, ती माझ्या पोरीला नेतेय. रोज थोडी थोडी."

"तू बिलियानाला घे आणि सरळ आमच्याकडे ये," मी म्हटलं. "प्रदर्शन होईपर्यंत राहा. पोरांनाही बरं वाटेल."

"आणि घर तिला देऊ?"

"अगं, घर कुठे पळून जातंय?"

"नवरा माझा. मुलगी माझी. भिंतसुद्धा माझी, हप्ते मी भरते. मी का म्हणून बाहेर पडू? तिने पडावं."

समजावायला गेले तर म्हणाली, "तुम्हाला मुलगे आहेत हो. तुमच्या मुलांना कुणी मावशी मुरंबा भरवत नाही."

आणि फोन ठेवला.

रात्रभर तिने विचार केला असणार. कारण सकाळी कामेन कॉफी पीत होता, तेव्हा ती समोर जाऊन उभी राहिली.

"मला घाल त्या चित्रात."

"काय?"

"ती वर खिडकीत बसून माझ्या मुलीवर नजर ठेवते. मला खाली रस्त्यावर उभी कर. तिच्या दारासमोर. तिला यायचं असेल तर मला ओलांडून यावं लागेल."

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने बायकोच्या कपाळाला हात लावून बघितलं असतं. कामेन चित्रकार. तो चित्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "खरं सांगू? पुढच्या भागात एक माणूस कमी पडत होतंच."

दिवसभर तो कामाला लागला. रादिनाने आपल्या हिरव्या कोटाचा अस्तराजवळचा तुकडा कापून दिला. केसांची एक बट दिली. कामेनने तिचा फोटो काढून छापला, चेहरा नेमका दारासमोर चिकटवला. बाजूला कोट, कोटाखाली बूट. उठून दिसत होती. जणू आत्ता हाक मारली तर वळेल.

"सावली राहिली," तो म्हणाला. "सावलीशिवाय माणूस तरंगतंय."

रादिना उन्हात उभी राहिली. तिची सावली लाकडी जमिनीवर लांब पडली. कामेनने सुतळी घेतली, तिच्या टाचेपासून डोक्यापर्यंत सावलीवर धरली आणि कापली.

"नीट मोज," रादिना हसून म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसली होती. "जाड दाखवशील तर बघ."

त्याने ती सुतळी चित्रातल्या फरशीवर गोंदाने बसवली. वर वाळू, वर शाई.

मग मला रादिनाचा फोन आला. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोरा, कागद, मुरंबा, सुतळी, सगळं. हसत होती, रडत होती. म्हणाली, "जाऊबाई, आज पोर दोन वाट्या सूप प्यायली. माझ्या हातचं. जिंकले मी."

माझी जाऊ माझ्याशी इतकं भरभरून बोलली ती शेवटची.

पुढचं मी स्वतः पाहिलं.

प्रदर्शन शनिवारी होतं, नाट्यगृहामागच्या दालनात, सकाळी. वाइन, खारी बिस्किटं, कामेनचे मित्र, सगळे एकमेकांचे खांदे थोपटणारे. ते मोठं चित्र समोरच्या भिंतीवर. लोक त्याच्यापाशी जाऊन थबकत होते.

सासूबाई काठी टेकत गेल्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग वाकल्या आणि चित्रातल्या फरशीवरून बोट फिरवलं.

"इथे काहीतरी टोचतंय. काय आहे हे खाली?"

"सुतळी," कामेन खुशीत म्हणाला. "रादिनाची सावली. अंदाजाने नाही काढली, आई. मोजून घेतलीय."

सासूबाईंच्या हातातली काठी खाली पडली. मी उचलून द्यायला वाकले, तर त्यांनी माझाच हात धरला.

"जिवंत माणसाची सावली मोजून भिंतीत चिणलीस?"

"भिंत कुठेय? कॅनव्हास आहे."

"आमच्या गावचा पूल दोनदा वाहून गेला," सासूबाई म्हणाल्या. त्या कुणाशी बोलत होत्या कळेना. "तिसऱ्यांदा गवंड्यांनी वाटेने जाणाऱ्या एका बाईची सावली दोरीने मोजली आणि दोरी दगडाखाली घातली. पूल अजून उभा आहे."

"आणि ती बाई?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी विचारलं.

"ती कुठे जाणार? तीही तिथेच."

"पण रादिना तर ही काय उभी आहे, आई."

सासूबाईंनी मान वळवली. रादिना खिडकीशी उभी होती. हातात ग्लास. कुणाशी तरी शांतपणे बोलत होती. केस मागे बांधलेले.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. खूप वेळ.

"उभी आहे खरी," त्या म्हणाल्या.

आणि तेव्हा मला बिलियाना दिसली.

एवढ्या गर्दीत पोर एकटी होती. टोपी नाही, कोटाची बटणं उघडी, नाक वाहतंय. रादिनाची मुलगी. मला आधी ओळखूच आली नाही.

ती चित्राला चिकटून उभी होती. चित्रातल्या हिरव्या कोटाच्या तुकड्यावर तिने गाल टेकवला होता. मुठीत तो तुकडा धरून ओढत होती.

"आई," ती चित्राला म्हणत होती. "चल ना. आई... चल ना आता."

लोक हसले. कुणीतरी फोटो काढला. "बघा, आईला ओळखलं पोरीने," कामेनचा मित्र म्हणाला.

मी रादिनाकडे बघितलं. एरवी ती खोलीच्या त्या टोकावरून उडत आली असती.

तिने ऐकलं. नक्की ऐकलं, कारण तिने एकदा इकडे पाहिलं. आणि परत बोलायला लागली.

मग मी चित्रात वर पाहिलं. तिसरा मजला.

झडपा उघड्या होत्या. जाळीचा पडदा होता. पडद्यामागे काहीच नव्हतं. नुसता कोरा कॅनव्हास.

"कागद कधी काढलास?" मी कामेनला विचारलं.

"कुठला कागद?" तो म्हणाला. मग त्याची नजर तिथे गेली. "...मी नाही काढला."

चित्र त्याच दिवशी विकलं गेलं. समुद्राकडच्या एका हॉटेलवाल्याने घेतलं आणि आठवड्यात नेलंही. सासूबाई कामेनच्या मागे लागल्या, जा, सुतळी तेवढी काढून आण, मी तुझ्या पाया पडते. तो हसतो. म्हणतो, "आई, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या घरात शांतता आहे. रादिना बदललीय. चिडत नाही, संशय घेत नाही, थर्मामीटर कुठे आहे तेसुद्धा तिला ठाऊक नाही. आणि तुला ती परत पहिल्यासारखी हवीय?"



शेजारणी म्हणतात, तब्येत सुधारली हो तुमच्या जावेची. खरंच सुधारलीय. गोरी दिसते. चांगलं शिजवते. पोरीशी प्रेमाने वागते, तिला जवळ ओढते, मुके घेते. पोर अंग आखडून घेते तेवढंच.

बिलियाना आता बहुतेक दिवस माझ्याकडेच असते. बालवाडी सुटली की मीच तिला परस्पर घेऊन येते. माझी मुलं तिला खेळायला घेतात. ती खेळते, पण मध्येच थांबते आणि मला विचारते, "काकू, समुद्र किती लांब आहे?"

मी सांगते, खूप लांब नाही. उन्हाळ्यात जाऊ.

माझी एकटीने जायची हिंमत अजून झालेली नाही. तिथे त्या हॉटेलात भिंतीवर कोण उभं आहे, चित्रातल्या रस्त्यावर, थंडीपावसात, दारासमोर, पोरीची वाट बघत... मी त्याचा विचार करत नाही. करायला लागले की माझ्याच मुलांची कपाळं तपासत बसते.

काल संध्याकाळी बिलियानाला जरा ताप होता. माझ्या मांडीवर झोपली होती. रादिना न्यायला आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

मी मुद्दाम उठले नाही.

मुद्दाम पोरीला छातीशी घट्ट धरलं. मुद्दाम तिच्या कपाळाचे मुके घेतले, एक, मग आणखी एक. म्हटलं, "रादिना, ही आता माझीच मुलगी बरं का. मला आई म्हणते." खोटं होतं ते. मी तिच्या डोळ्यांत बघत होते. मनात म्हणत होते, चीड. एकदा तरी चीड. ये आणि ओढून घे तिला माझ्या हातातून. दोन शब्द सुनाव मला, चार सुनाव.

ती मान तिरकी करून बघत राहिली.

मग गोड हसली.

"म्हणू दे की," ती म्हणाली. "मला काय घाई आहे?"